वसंतातील पतंगनोंद (ब्रिटन)

ब्रिटनच्या पानझडी वनांत मार्च ते मे या काळात पतंग (मॉथ, म्हणजे फुलपाखरांच्या गटातील कीटक) शोधून त्यांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत. हे काम बहुतांशी हौशी निरीक्षक करतात. तेथे पतंगांच्या सुमारे २,५०० जाती आढळतात. त्यांतील ९०० च्या आसपास ‘मोठे पतंग’ गणले जातात.

मार्चमध्ये रानात फुले फारशी नसतात. सॅलो या विलोवर्गीय झुडपाचे केसाळ फुलोरे मात्र उमललेले असतात. अंधार पडला की हिब्रू कॅरेक्टर, कॉमन क्वेकर यांसारखे ऑर्थोसिया प्रजातीतील पतंग मधुरसासाठी त्यांवर जमतात. खाली चादर अंथरून फांदी हलवली की ते टपाटप पडतात. खर्च जवळजवळ नाही, म्हणून ही जुनी रीत टिकून आहे.

प्रकाशसापळ्यांत १२५ वॅटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावलेला रॉबिन्सन सापळा प्रसिद्ध आहे. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवतात. पतंग त्यांच्या खाचांत बसून राहतात आणि सकाळी ओळख पटवून त्यांना सोडून देतात. ढगाळ, उबदार, वारा पडलेली रात्र चांगली. निरभ्र थंडीत सापळा रिकामाही राहतो. पण नुसत्या दिव्यावर भागत नाही. मार्च मॉथच्या मादीला उडण्याजोगे पंखच नसतात. ती खोडावर बॅटरीच्या उजेडात शोधावी लागते. ऑरेंज अंडरविंग तर भर उन्हात बर्चच्या शेंड्यांभोवती उडतो, तिथे दुर्बीणच हवी. मे महिन्यात ओकच्या फांद्या झोडपून कापडावर अळ्या पाडतात.

जात, ठिकाण, तारीख आणि निरीक्षकाचे नाव या चार गोष्टी नोंदीत असाव्याच लागतात. संख्या आणि पद्धतही दिलेली बरी. काउंटीचा (जिल्ह्यासारख्या विभागाचा) नोंदपाल या नोंदी तपासतो आणि पुढे त्या ‘बटरफ्लाय कॉन्झर्वेशन’ या संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय योजनेत जातात. रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या सापळ्यांचे देशव्यापी जाळे याहून जुने, १९६८ पासूनचे. त्यातील आकड्यांनुसार १९६८ ते २०१७ या काळात मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. रुंदपर्णी वनांचे क्षेत्र वाढले असूनही तिथली घट विशेष तीव्र आहे. निरीक्षकांना दुर्मीळ पतंगाची ओढ असते, हे खरे. पण ही घट कळली ती रोज सापडणाऱ्या सामान्य जाती वर्षानुवर्षे मोजल्यामुळे.