आंबिल ओढा, कात्रजचे हौद आणि पुण्याची तहान

पुण्यात पाणीकपातीची बातमी आली की सगळ्यांच्या नजरा खडकवासल्याच्या साठ्याकडे वळतात. पण हे शहर वसले ते धरणाच्या भरवशावर नाही. कसब्याच्या पूर्वेला नागझरी, दक्षिणेकडून उतरणारा आंबिल ओढा, उत्तरेला मुठा आणि वाड्यावाड्यांत आड, एवढ्यावर जुने पुणे भागत होते.

पेशव्यांची राजधानी झाल्यावर वस्ती वाढली आणि हे पाणी अपुरे पडू लागले. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगराखाली तलाव बांधून तिथले पाणी सुमारे 8 किलोमीटरवरच्या शनिवारवाड्यापर्यंत आणले. माणूस आत चालू शकेल एवढा दगडी बांधीव नळ जमिनीखालून घातला. हवा कोंडू नये आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास, म्हणजे जमिनीवर उघडणारी उभी भोके, ठेवले. पंप नाही, काही नाही; पाणी निव्वळ उताराने गावात येई आणि हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावे आजही पत्ता सांगताना येतात. त्या हौदांवर पाणी भरायला उभ्या असणाऱ्या पेठा मात्र आठवणीतून गेल्या. नानासाहेबांनीच आंबिल ओढ्याला बांध घालून त्याचा प्रवाह पश्चिमेकडे, आजच्या दांडेकर पुलाच्या दिशेने वळवला.

इंग्रजी अमदानीत, 1879 मध्ये, खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले. ते मुख्यतः शेतीच्या सिंचनासाठी आणि लष्करी छावण्यांच्या पाण्यासाठी. शहराचा वाटा त्यातूनच वाढत गेला. दौंड-इंदापूरचा शेतकरी आणि पुणेकर यांच्यात दर उन्हाळ्यात होणारी ओढाताण तिथूनच आली आहे, आणि त्यात शेतकऱ्याची बाजू शहरात फार कमी ऐकली जाते.

घरोघरी नळ आले तशी आडांवर झाकणे बसली. कात्रजच्या नळाची निगा सुटली, ओढ्यांत सांडपाणी सोडले जाऊ लागले. बोलण्यातही ‘ओढा’ जाऊन ‘नाला’ आला. माझ्या मते शहराने आपले पाणी गमावले ते या काळात.

12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या आणि ज्यांची घरे वाचली त्यांचेही नळ कोरडे पडले. तेव्हा लोकांना तगवले ते वाड्यांतल्या विहिरींनी आणि कात्रजच्या हौदांनी. पुढे दोन्ही धरणे पुन्हा बांधली गेली. वरसगाव आणि टेमघर मिळून आज चार धरणांची क्षमता सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. तरीही 1997, 2017 आणि 2021 मध्ये हद्दीत आलेल्या अनेक गावांत टँकर फिरतोच.

ओढे मात्र आपली वाट विसरले नाहीत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला, अरण्येश्वर परिसरात भिंती कोसळल्या. त्या पावसात शहर आणि जिल्ह्यात 20 हून अधिक माणसे गेली. पात्र अरुंद करून काठावर बांधकामे उभी राहिली होती, हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही.

झऱ्यांची गोष्ट अजून कमी जणांना माहीत आहे. पुण्याखाली काळा बेसॉल्ट आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही, ते भेगाळलेल्या किंवा झिजलेल्या थरांत साठते आणि असा थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथे झरा फुटतो. इमारतीच्या तळघरासाठी खोल खोदाई झाली की हाच थर कापला जातो. मग महिनोन्‌महिने पंप लावून खड्ड्यातले पाणी गटारात सोडतात. आपण त्याला खोदकामाची अडचण म्हणतो, पण तो कुणाच्या तरी विहिरीचा साठा असतो. बावधनला रामनदीकाठी असे जिवंत झरे अजून आहेत. स्थानिक रहिवासी आणि भूजलाचे अभ्यासक ते वाचवण्यासाठी गेली काही वर्षे झटत आहेत.