कोच, क्वार्टरबॅक आणि सतरा सामन्यांचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक चाल संपली की पुढची सुरू करायला ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात मैदानाबाहेर उभा असलेला हेड कोच किंवा त्याचा सहायक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर पुढची चाल सांगतो. घड्याळ १५ सेकंदांवर आलं की रेडिओ बंद. तिथून पुढे क्वार्टरबॅक एकटा. समोरचा बचाव कसा उभा आहे ते बघायचं, सांगितलेली चाल ठेवायची की ओरडून बदलायची ते ठरवायचं, आणि चेंडू हातात आला की दोन-तीन सेकंदांत तो कुणाकडे तरी भिरकवायचा. १९९४ पासून ही पद्धत आहे. कोचचं काम कुठे संपलं आणि खेळाडूचं कुठे सुरू झालं हे सेकंदावर दाखवता येतं. तरीही हार नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची, हा वाद याच खेळात सगळ्यात जास्त चिघळतो.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न. हल्ला करणाऱ्या संघाच्या जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सांगायला नको. जेट्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ त्यांच्या अंगणातच खेळतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत आणि साखळीत प्रत्येकाचे सामने फक्त १७. ती साखळी संपली की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कोचना नारळ द्यायला सुरुवात होते. त्या दिवसाला नावच पडलंय ‘ब्लॅक मंडे’.

सतरा सामने म्हणजे पुरावा म्हणून किती? समजा, ३२ही संघ अगदी तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामन्याचा निकाल नाणं उडवून लागतो. गणित केलं तर एखाद्या संघाचे विजय ७ ते १० च्या दरम्यान राहण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के येते. उरलेले ३३ टक्के बघा. १२ किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यता ७ टक्क्यांच्या थोडी वर, आणि ५ किंवा त्याहून कमी जिंकण्याचीही तेवढीच. ३२ संघांत मिळून दरवर्षी साधारण दोन संघ १२ किंवा त्याच्या पुढे जाणार आणि दोन संघ तळाला आपटणार, कुणाचाही काही गुण-दोष नसताना. वरच्या दोघांच्या कोचच्या मुलाखती होतील, खालच्या दोघांच्या हकालपट्ट्या. खरे संघ अर्थातच सारखे नसतात. पण नशिबाचा हा थर प्रत्येक संघाच्या निकालात मिसळलेला असतो, आणि १७ सामन्यांत तो धुऊन निघत नाही. बेसबॉलमध्ये एका मोसमात १६२ सामने होतात, तिथे काम बरंच सोपं होतं.

मिनेसोटा व्हायकिंग्जचा २०२२ चा मोसम मला यासाठी फार आवडतो. केव्हिन ओकॉनेल हे नवे हेड कोच, कर्क कझिन्स क्वार्टरबॅक. संघ १३ जिंकला, ४ हरला. एवढंच वाचलं तर वाटेल, काय पकड बसवली नव्या कोचनं! आता गुण बघा: मोसमभरात व्हायकिंग्जनी केले ४२४ आणि दिले ४२७. १३ सामने जिंकलेला संघ गुणांत तीनने मागे. कारण असं की, आठ किंवा कमी गुणांच्या फरकानं सुटलेले त्यांचे ११ सामने झाले आणि ते अकराही त्यांनी जिंकले. नाण्यानं हे जमायची शक्यता २,०४८ त एक.

त्यातला १३ नोव्हेंबरचा बफेलो बिल्सविरुद्धचा सामना घ्या. शेवटचं मिनिटही उरलेलं नाही. चार गुणांनी मागे असलेले व्हायकिंग्ज गोलरेषेच्या अगदी तोंडाशी चौथ्या प्रयत्नात अडवले गेले. सामना संपल्यात जमा. आता बिल्सना फक्त चेंडू हातात घेऊन वेळ काढायची होती. पण तो घेतानाच त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याच्या हातून सुटला. गोलरेषेमागे पडलेल्या चेंडूवर व्हायकिंग्जच्या एरिक केंड्रिक्सनं झेप घेतली आणि टचडाउन झाला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू ताब्यात घेतल्याचे गुण मिळाले. पुढे जादा वेळेत व्हायकिंग्ज ३३–३० असे जिंकले. असा चेंडू सुटणं म्हणजे फंबल. हा चेंडू गोल नसतो. असोला नारळ जमिनीवर टाकला तर तो जसा कुठेही उडेल, तसा हा उडतो. समोरच्याच्या हातून चेंडू सोडवणं हे कौशल्य आहे. पण सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागेल, हे वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहिल्या तर जवळपास निम्मं-निम्मं निघतं. नोंदवहीत मात्र ओकॉनेल आणि कझिन्स यांच्या नावावर पूर्ण एक विजय जमा.

प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्याच सामन्यात व्हायकिंग्ज जायंट्सकडून हरले. पुढच्या वर्षी ७–१०. कझिन्सची टाच आठव्या सामन्यात दुखावली हेही त्यात आहेच, पण घसरण होणार हा अंदाज आकडे बघणाऱ्यांनी आधीच बांधला होता. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. टोकाच्या निकालात नशिबाचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त, आणि नशीब पुढच्या वर्षी सोबत येत नाही.

नशीब बाजूला काढलं तरी दुसरी गाठ उरतेच: कोच आणि क्वार्टरबॅक यांना एकमेकांपासून सोडवायचं कसं? कोच बिल बेलिचिक आणि क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी न्यू इंग्लंड पॅट्रियट्समध्ये २००० ते २०१९ एकत्र होते, सहा सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले. दोघांची बेरीज माहीत आहे, पण सुटे आकडे नाहीत. शाळेतल्या बीजगणितात अशी दोन अज्ञातं काढायला दुसरं समीकरण लागायचं. इथे ते दोनदा मिळालं, आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं.

पहिलं २००८ मध्ये. आदल्या साखळीत १६–० अशी कामगिरी केलेल्या संघाच्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. त्याच्या जागी आलेल्या मॅट कॅसलनं शाळा सोडल्यापासून एकाही सामन्याची सुरुवात क्वार्टरबॅक म्हणून केली नव्हती. कॉलेजात तो कायम राखीव होता. संघानं तरी ११–५ अशी मजल मारली. म्हणजे श्रेय कोचचं? दुसरं समीकरण २०२० चं. ब्रेडी टॅम्पा बे या संघात गेला आणि वयाच्या ४३ व्या वर्षी पहिल्याच मोसमात सुपर बोल जिंकला. बेलिचिक ब्रेडीशिवायच्या चार वर्षांत २९ जिंकले, ३८ हरले आणि जानेवारी २०२४ मध्ये पॅट्रियट्समधून बाहेर पडले. म्हणजे श्रेय क्वार्टरबॅकचं? यातला एकही प्रयोग स्वच्छ नाही. टॅम्पाकडे तगडे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) आणि दमदार बचाव आधीपासून होता. उलट कोविडमुळे २०२० चा मोसम न खेळायचं ठरवलेले सगळ्यात जास्त, आठ खेळाडू पॅट्रियट्सचेच होते. माझं मत विचाराल तर दोघांच्या कामाचा गुणाकार होत होता, बेरीज नाही. आणि गुणाकारात कोणाचा वाटा किती टक्के, हा प्रश्नच फसतो.

पण माणसाच्या मनाला असा फसलेला प्रश्न चालत नाही. जेम्स माइंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कंपन्यांच्या बाबतीत दाखवलं, की निकाल जितका टोकाचा, मग तो भला असो वा बुरा, तितके लोक त्याचं कारण नेत्यात शोधतात. मधल्या निकालांना बाजार, परिस्थिती वगैरे कारणं पुरतात. टोकाला गेलं की चेहरा लागतो. फुटबॉलमध्ये चेहरे दोनच. बचावफळीतल्या कोपऱ्यातल्या खेळाडूचं नाव कितीजणांना ठाऊक असतं?

एकाचं झालं बाकी. १ फेब्रुवारी २०१५, ॲरिझोनात सुपर बोल. सिएटल सीहॉक्स चार गुणांनी मागे, गोलरेषा एक यार्डावर, दुसरा प्रयत्न, २६ सेकंद बाकी, हातात एकच टाइमआउट (घड्याळ थांबवायची मुभा). मार्शॉन लिंचसारखा धिप्पाड धावपटू संघात असताना कोच पीट कॅरल यांच्या बाजूनं पासची चाल आली. क्वार्टरबॅक रसेल विल्सननं चेंडू फेकला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीही न निवडलेल्या माल्कम बटलर या नवख्या पॅट्रियट खेळाडूनं तो मधेच पकडला. सामना तिथेच संपला. इतिहासातला सगळ्यात मूर्ख निर्णय, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं.

निकाल झाकून निर्णय बघू. धाव अडवली गेली तर घड्याळ चालू राहतं. पास खाली पडला तर घड्याळ थांबतं. म्हणजे आधी पास टाकला तर उरलेल्या वेळात तीन प्रयत्न बसतात, आधी धावलं तर तिसऱ्याची शाश्वती नाही. त्या मोसमात लीगभरात एक यार्डावरून शंभराहून अधिक पास टाकले गेले होते आणि त्यातला एकही प्रतिस्पर्ध्यानं पकडला नव्हता. पासची जागा वेगळी निवडायला हवी होती, असा वाद घालता येईल आणि तो घालण्याजोगा आहे. पण ‘मूर्ख’ हे विशेषण बटलरच्या हातात चेंडू गेल्यानंतर चिकटलं. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये हेच प्रयोगातून मांडलं. शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, तीच जोखीम. फक्त एकदा सांगितलं रुग्ण वाचला, एकदा सांगितलं रुग्ण दगावला. दगावल्याचं वाचलं तेव्हा लोकांनी डॉक्टरच्या निर्णयालाच कमी गुण दिले.

मग जाब विचारायचाच नाही का? विचारायचा. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटचा २०२४ चा करार वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा आहे. एवढे पैसे घेणाऱ्यानं नशिबाच्या आड लपू नये, हे चाहत्यांचं म्हणणं रास्तच. प्रश्न मोजपट्टीचा आहे, आणि ती चांगली पट्टी मुळात एका क्वार्टरबॅकनंच बनवायला घेतली. सिनसिनाटी बेंगल्सकडून खेळणारा व्हर्जिल कार्टर आणि प्राध्यापक रॉबर्ट मॅकॉल यांनी १९७१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. १९६९ च्या मोसमातल्या हजारो चाली तपासून त्यांनी मैदानावरच्या जागांची किंमत काढली. स्वतःच्या गोलरेषेला खेटून चेंडू मिळाला तर पुढे सरासरी सव्वा गुणाचा तोटा. समोरच्याच्या पाच यार्डांवर मिळाला तर सुमारे सहा गुणांचा फायदा. प्रत्येक चालीनं ही किंमत किती वर-खाली झाली, ते मोजायचं. म्हणजे एका मोसमात १७ निकालांच्या जागी हजारभर नोंदी हाती येतात. आता खेळाडूंच्या खांद्यावरच्या पॅडमध्ये चिप असतात, त्या सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतात. पास किती अवघड होता आणि तरी किती पोचले, हेही निघतं.

कोचचा हिशेब त्याहून सोपा. चौथ्या प्रयत्नात लाथ मारून चेंडू सोडून द्यायचा की खेळायचं, हा निर्णय शंभर टक्के त्याचा. डेव्हिड रोमर या अर्थतज्ज्ञानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की कोच फायद्याचं असतानाही खेळायला कचरतात. कारण उघड आहे: लाथ मारून हरलं तर दोष खेळाडूंचा, खेळून हरलं तर कोचचा. निकालावरून जाब विचारण्याची पद्धतच निर्णय बिघडवते, ती अशी.

हकालपट्टीनं काय साधतं? कॉलेज फुटबॉलवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात, सारख्याच वाईट अवस्थेतल्या संघांची तुलना केली तेव्हा कोच बदललेल्यांना फारसा लाभ झालेला दिसला नाही. मध्यम संघांचं तर कोच बदलून नुकसानच झालं. नेदरलँड्समधल्या सॉकरवर बास तेर वील यांनी केलेल्या अभ्यासातही मॅनेजर बदलल्यावर येणारी सुधारणा, न बदलणाऱ्या घसरलेल्या संघांतही आलीच होती.

क्वार्टरबॅक सॅम डार्नॉल्डकडे बघताना हे सगळं एकत्र दिसतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये जेट्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडलं. २०१९ मध्ये पॅट्रियट्सविरुद्ध ०–३३ अशा पराभवात त्याचे चार पास पकडले गेले आणि ‘मला भुतं दिसताहेत’ असं तो बोलून गेला, तेही माइक चालू असताना. जेट्सबरोबर १३ विजय, २५ पराभव. मधे कोचही बदलला. बहुतेकांनी त्याचं नाव खोडून टाकलं. २०२४ मध्ये तो ओकॉनेलच्या हाताखाली आला आणि व्हायकिंग्ज १४–३ गेले, त्याचे ३५ टचडाउन पास. मग शेवटच्या साखळी सामन्यात लायन्सकडून ९–३१, आणि प्लेऑफमध्ये रॅम्सनी त्याला नऊ वेळा चेंडूसकट पाडलं. मिनेसोटानं त्याला जाऊ दिलं आणि स्वस्तातला तरुण जे. जे. मॅकार्थी निवडला. सिएटलनं मार्च २०२५ मध्ये डार्नॉल्डशी तीन वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या आसपासचा करार केला.