तळ्याकाठचं अग्निमंदिर

इराणच्या वायव्य भागात, तकाब शहराजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंचीवर एक लंबगोल टेकाड आहे. आजूबाजूच्या मैदानापेक्षा ते साधारण 60 मीटर उंच आहे. माथा सपाट, 550 मीटर लांब आणि 350 मीटर रुंद. या माथ्यावर काठोकाठ भरलेलं निळंशार तळं आहे. वरून एकही नदी त्यात येत नाही. उलट त्यातूनच ओहोळ निघतात आणि खालच्या शेतांना पाणी पुरवतात. तळ्याच्या उत्तर काठाला लागून झरथुष्ट्री धर्माच्या एका थोर अग्निमंदिराचे अवशेष उभे आहेत. या जागेचं आजचं नाव तख्त-ए-सुलेमान. सासानी सम्राटांच्या काळात, म्हणजे इ.स. 224 ते 651 दरम्यान, इथे आदुर गुश्नास्प हा पवित्र अग्नी तेवत होता. इराणमधल्या तीन महान अग्नींपैकी हा योद्ध्यांचा आणि राजांचा.

मंदिर इथेच का, हे समजून घ्यायचं तर आधी टेकाड पाहायला हवं, कारण ते त्या तळ्यानेच बांधलेलं आहे.

पाणी जमिनीत खोल मुरतं तेव्हा त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडीतून जाताना तिला विरघळवत जातं. खाली दाब भरपूर असल्यामुळे हे सगळं विरघळलेलंच राहतं. झऱ्यातून पाणी वर आलं की दाब उतरतो, वायू हवेत निघून जातो आणि चुना धरून ठेवण्याची पाण्याची ताकद संपते. मग कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. बोअरच्या पाण्याने बादलीला जो पांढरा, खरवडूनही न निघणारा थर धरतो, तो याच पदार्थाचा. इथे तो हजारो वर्षं साचत गेला आणि त्याचा ट्रॅव्हर्टाइन नावाचा दगड झाला. पाणी काठावरून पातळ पसरून सांडतं तिथे वायू सगळ्यात लवकर निसटतो, म्हणून थरही तिथेच जास्त बसतो. काठ उंच होतो, त्याबरोबर तळ्याची पातळी चढते, पाणी नव्या काठावरून सांडतं आणि काठ आणखी वाढतो. तळ्याची खोली शंभर मीटरहून जास्त सांगतात. ते म्हणजे दगडी टेकाडाच्या पोटातून वर आलेलं झऱ्याचं तोंडच आहे.

या वाढीला मर्यादा आहे, आणि ती बघायला फार लांब जावं लागत नाही. पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर झिंदान-ए-सुलेमान नावाचा शंकूसारखा डोंगर आहे, भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे 100 मीटर उंच. लांबून तो थेट ज्वालामुखी वाटतो, पण त्याच्या कडा लाव्हाच्या नाहीत. त्याही झऱ्याच्या दगडाच्याच आहेत, आणि मधलं खोल विवर आता कोरडं आहे. भूगर्भातला दाब पाण्याला ठरावीक उंचीपर्यंतच ढकलू शकतो. काठ त्याच्या वर गेला किंवा पाण्याला खाली दुसरी वाट मिळाली, की झरा आटतो. झिंदानच्या माथ्याभोवती इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातल्या देवस्थानांचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे आदुर गुश्नास्पच्या कितीतरी शतकं आधीपासून माणसं या परिसरात पाण्याच्या तोंडाशी पूजा करत होती. मला या सगळ्या परिसरातली ही सर्वांत हलवून टाकणारी गोष्ट वाटते.

झरथुष्ट्री श्रद्धेत अग्नीइतकंच पाणीही पवित्र, ते विटाळू नये असा कडक दंडक. मुंबईकरांना याची खूण चर्चगेटजवळच रोज दिसते: 1725 साली खोदलेली भिखा बेहराम विहीर, जिथे पारशी आजही प्रार्थनेला येतात. अग्नी आणि न आटणारं पाणी शेजारी शेजारी मिळावं, अशी जागा शोधणाऱ्याला तख्त-ए-सुलेमानहून चांगली कुठे सापडणार?

अवशेषांत उत्तरेच्या दाराने शिरून तळ्याच्या दिशेने चालत गेलं की वाटेत मंदिराचा गाभा लागतो. चौरस दालन, चार कोपऱ्यांत विटांचे अवजड खांब, त्यांना जोडणाऱ्या चार कमानी आणि एके काळी वर घुमट. या रचनेला चहार ताक म्हणतात. चौरसावर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचं काय करायचं? सासानी गवंड्यांनी प्रत्येक कोपऱ्यात तिरकी कमान टाकून चौरसाचा अष्टकोन केला, आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसलं. हीच युक्ती पुढे दख्खनमधल्या बहामनी घुमटांतही दिसते. गाभ्याभोवती बंदिस्त मार्ग आहे. पवित्र अग्नीवर सूर्यप्रकाश पडू नये असा नियम असल्यामुळे गाभा असा आत, अंधारात ठेवलेला.

मुंबईत चार आतश बेहराम, म्हणजे सर्वोच्च दर्जाची अग्निमंदिरं, आहेत, पण पारशी नसलेल्या माणसाला त्यांत प्रवेश नाही. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. म्हणून आपल्यासारख्यांना अग्निमंदिराची आतली मांडणी समजून घ्यायची तर असे भग्नावशेषच उपयोगी पडतात.

इ.स. 623-24च्या सुमारास बायझंटाइन सम्राट हेराक्लियसने हे मंदिर उद्ध्वस्त केलं. ते पुन्हा उभं राहिलं, आणि इराणमध्ये इस्लामी सत्ता आल्यावरही काही काळ इथला अग्नी तेवत होता. तेराव्या शतकात इराणचा मंगोल राजा (इल्खान) अबाका याने याच अवशेषांवर उन्हाळी महाल बांधला. त्याच्या भिंतींवर ड्रॅगन आणि सिमुर्ग पक्षी कोरलेल्या चकाकत्या फरशा होत्या. आज त्या जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत.

मग ही आदुर गुश्नास्पचीच जागा, हे कशावरून? 1838 साली इथे आलेल्या हेन्री रॉलिन्सनला हे प्राचीन मीड लोकांचं एक्बाताना नगर वाटलं होतं. विसाव्या शतकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा निर्णायक पुरावा मिळाला तो मातीच्या छोट्या गोळ्यांच्या रूपात. मालाच्या गाठोड्यांना किंवा कागदपत्रांना दोरी बांधायची, गाठीवर ओली माती थापायची आणि तीवर मुद्रा उमटवायची, अशी तेव्हाची पद्धत. त्या मुद्रांपैकी काहींवर पहलवी लिपीत आदुर गुश्नास्पच्या अग्निगृहाच्या मुख्य मोबेदाचा, म्हणजे धर्मगुरूचा, उल्लेख निघाला. वाद मिटला. बाकीच्या दोन महान अग्नींना, पुरोहितांच्या आदुर फर्नबागला आणि शेतकऱ्यांच्या आदुर बुर्झेन-मिहरला, असा लेखी पुरावा अजून मिळालेला नाही. त्यांच्या जागांबद्दल अभ्यासक आजही वाद घालत आहेत.