राजा एका धर्माचा, म्हणजे राज्यही एकाच धर्माचं?

जुन्या काळी राज्य एकतर हिंदू असायचं नाहीतर बौद्ध, आणि एकाचा राजा दुसऱ्याला काहीच देत नसे, असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शाळेत घराण्यांवर धर्माची एकेक पाटी लावून इतिहास शिकवला, की असं वाटणं साहजिक आहे.

आपल्या नागपूरजवळचंच बघा. रामटेकच्या पायथ्याशी नगरधन आहे, म्हणजे वाकाटक राजघराण्याची जुनी राजधानी नंदिवर्धन. तिथून ताम्रपट देणारी राणी प्रभावतीगुप्ता विष्णुभक्त होती. याच घराण्याच्या वाशीम शाखेचा राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून बौद्ध भिक्षूंना दिलं. हे मी सांगतो म्हणून नव्हे, त्या लेण्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, संस्कृत श्लोकांत तसं कोरलेलंच आहे.

नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातला लेख तर मला फार मोलाचा वाटतो. सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाला त्यात अभिमानाने 'एकबम्हण', म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणवते आणि त्याच लेखात लेणं बौद्ध संघाला देते. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर!

वाद, स्पर्धा तेव्हाही होत्याच. पण दान कोणी, कोणाला दिलं हे लेखातच सापडतं. वाकाटकांचे लेख इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी नागपुरात राहून वाचले, ते १९६३ साली भाषांतरासह छापून आले. मोठ्या ग्रंथालयात मागा, वराहदेवाचा लेख काढा आणि स्वतः वाचा.