डोंगरी ओढ्यांतील अपृष्ठवंशी प्राणी आणि उंची

डोंगरी ओढ्याच्या तळाशी राहणाऱ्या कणाहीन प्राण्यांच्या जाती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे बदलत जातात. त्यांत सर्वाधिक भरणा कीटकांच्या जलवासी अवस्थांचा असतो : मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय, काळ्या माश्या, कायरोनोमिड (डासांसारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्या). चपटे कृमी, गोगलगायी आणि लहान कवचधारी प्राणीही आढळतात.

उंची हे स्वतः कारण नव्हे. तिच्याबरोबर बदलणाऱ्या गोष्टी जीवांवर परिणाम करतात आणि त्या एकाच दिशेने ओढतात असेही नाही. दर १,००० मीटरला हवेचे तापमान सरासरी ६·५° से.ने उतरते. थंड पाण्यात वाढ मंदावते. काही जातींना पिढी पुरी करायला एकाहून अधिक वर्षे लागतात. थंड पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो, म्हणून उंचावर त्याची चैन असेल असे वाटते. मात्र ४,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्केच उरतो, त्यामुळे थंडीने मिळालेला लाभ बराचसा वजा होतो. त्यातच थंडीत ऑक्सिजनचे विसरणही (पाण्यातून पसरणेही) संथ होते. इक्वादोरच्या अँडीजमध्ये जलपरिसंस्थांचे अभ्यासक डीन याकोब्सेन आणि सहकाऱ्यांनी या ऑक्सिजन-टंचाईचा संबंध वरच्या ओढ्यांतील प्राणिकुलांच्या (जवळच्या जातींच्या मोठ्या गटांच्या) घटत्या संख्येशी जोडला.

अन्नाचा हिशेब निराळा. वृक्षरेषेखाली, म्हणजे जिच्यावर झाडे वाढत नाहीत त्या उंचीखाली, पाण्यात पडणारा पालापाचोळा कुरतडणाऱ्या जाती पोसतो. वृक्षरेषेच्या वर दगडांवरील शेवाळ खरवडून खाणाऱ्यांना वाव मिळतो.

म्हणूनच सर्वत्र लागू पडेल असा एकच आलेख नाही. काही पर्वतांत विविधता उंचीबरोबर सलग घटते, तर काही ठिकाणी मधल्या उंचीवर शिखर गाठते. परिस्थितिकीतज्ज्ञ डॅनिएल जॅन्झेन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, उष्ण कटिबंधात वर्षभर तापमान फारसे बदलत नसल्याने तेथील जातींची सहनशीलता मर्यादित असते. त्यामुळे तेथे थोडे वर चढताच जाती बदलाव्यात, अशी अपेक्षा असते.

हिमनदीतून नुकत्याच निघालेल्या, २° से.हून थंड आणि गढूळ प्रवाहात बहुधा डायमेसा या कायरोनोमिड प्रजातीचेच डिंभ (अळ्या) तग धरतात. खाली पाणी उबदार आणि पात्र स्थिर होऊ लागले की काळ्या माश्या, मेफ्लाय आणि इतर गट येतात. हिमनदी आटली की अशा ठिकाणी जाती वाढतात, पण ही वाढ फसवी आहे. येणाऱ्या जाती खालच्या ओढ्यांत आधीच असतात. हिमजलावर जगणाऱ्या मात्र नाहीशा होऊ शकतात. मोंटानातील लेडनिया टुमाना ही स्टोनफ्लाय २०१९ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली नोंदवली गेली.

प्राण्यांवरून पाण्याची गुणवत्ता ठरवतानाही उंची विचारात घ्यावी लागते. हिमरेषेजवळच्या ओढ्यात मोजकीच कुले सापडली, तर तेवढ्यावरून तो प्रदूषित ठरत नाही. तुलना त्याच उंचीच्या निर्मळ ओढ्याशी करावी लागते.