शिळं पेट्रोल आणि पाणी शिरलेलं पेट्रोल: सारखे दिसणारे दोन बिघाड

जनरेटर, गवत कापायचं यंत्र किंवा जुनी मोटरसायकल काही महिने नुसती उभी राहिली आणि मग सुरू होईना, की निदान ठरलेलं असतं: "पेट्रोल खराब झालंय." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण या एका वाक्यात दोन अगदी निराळे बिघाड दडलेले असतात. एक म्हणजे पेट्रोल शिळं होणं, दुसरा म्हणजे त्यात पाणी उतरणं. लक्षणं इतकी मिळतीजुळती असतात की सरावलेला माणूसही चटकन फसतो. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. शिळेपणा टाळायला मिळणारं रसायन पाण्याचं काहीच करत नाही आणि टाकीच्या तळाचं पाणी काढून टाकल्यानं शिळं पेट्रोल ताजं होत नाही.

आधी शिळेपणाचं पाहू. पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. साधारण 4 ते 12 कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. त्यातले काही घटक खोलीच्या तापमानालाच वाफ होऊ पाहतात, तर काहींना उकळायला 200 अंश सेल्सिअस लागतात. थंड इंजिन पहिल्या किकला सुरू होतं ते हलक्या घटकांच्या जिवावर, कारण थंडीतही वाफ होऊन हवेत मिसळतात ते तेच. आणि झाकण ढिलं असेल तर सगळ्यात आधी उडून जातात तेही तेच. मागे उरतं ते जड, आळशी पेट्रोल. जळायला ते जळतं, पण गार इंजिनात वेळेवर पेट घेत नाही.

दुसरी गोष्ट हळू चालते, पण जास्त नुकसान करते. तेलशुद्धीकरणात क्रॅकिंग करताना, म्हणजे जड रेणू तोडून हलके बनवताना, ओलेफिन नावाचे घटक तयार होतात. हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची प्रक्रिया होऊन आधी पेरॉक्साइड बनतात आणि त्यातून पुढे चिकट गम तयार होतो. उष्णतेनं हे सगळं वेगानं होतं. तांबं किंवा पितळ पेट्रोलच्या संपर्कात असेल तर आणखी वेगानं. शुद्धीकरण कारखान्यातच पेट्रोलमध्ये ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं थोड्या प्रमाणात घातलेली असतात. ती शिल्लक असेपर्यंत फारसं काही घडत नाही, संपली की गम भराभर वाढतो. म्हणून "मागच्या महिन्यात तर ठीक होतं" हा युक्तिवाद इथे कामाचा नाही.

मग पेट्रोल टिकतं किती? प्रचलित अंदाज असा: घट्ट बंद कॅनमध्ये, सावलीत, न उघडता ठेवलं तर साधारण वर्षभर. एकदा कॅन उघडला की 20 अंशांच्या आसपास सहा महिने, 30 अंशांना तीनच. यंत्राच्या अर्धवट भरलेल्या टाकीत, जिच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, महिनाभर धरा. कार्बोरेटरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) तळच्या वाटीत तर पेट्रोल जेमतेम चमचा-दोन चमचे असतं आणि हवेच्या संपर्कात राहतं. तिथलं काही आठवड्यांतच बिघडू लागतं. यंत्र उभं राहिलं की सगळ्यात आधी कार्बोरेटर तक्रार करतो तो यामुळे. इंजेक्शन असलेल्या गाड्यांची इंधनव्यवस्था बंदिस्त असते, त्यामुळे त्या हे बरंच जास्त सोसतात. हे आकडे म्हणजे काही औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. गार जागा आणि घट्ट झाकण मिळालं तर पेट्रोल याहून जास्त टिकतं, पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये कमी.

पाण्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे महिने मोजून काही कळत नाही, कारण तो मर्यादेचा प्रश्न आहे. मर्यादेच्या आत सगळं सुरळीत, मर्यादा ओलांडली की एकदम बिघाड.

नुसत्या पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. जे काही शिरेल ते थेंबाथेंबानं तळाशी जाऊन बसतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं तसं नाही. इथेनॉल हे एक अल्कोहोल, ते पाण्याशीही जमवून घेतं आणि पेट्रोलशीही. 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 15 अंशांच्या आसपास साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेतं, म्हणजे लिटरमागे चहाचा एक चमचा. तेवढं पाणी इंधनासोबत इंजिनात जातं आणि निमूट बाहेर पडतं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासोबत तळाशी उतरतं. खाली इथेनॉल-पाण्याचा थर, वर इथेनॉल गमावलेलं पेट्रोल. शिवाय तापमान उतरलं की ही मर्यादाही खाली येते. संध्याकाळी एकजीव दिसणारं इंधन पहाटेच्या गारठ्यात फुटलेलं सापडतं ते असं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल जास्त पाणी पचवतं, पण ते फुटलं तर तळाचा थरही मोठा असतो आणि वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही, म्हणजे इंजिनात वेळेआधी पेट न घेण्याची क्षमताही, जास्त घसरतो.

"इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून पेट्रोल महिन्याभरात फुकट जातं" असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. अर्धसत्य आहे. इथेनॉल बाष्प शोषतं हे खरं, पण बंद कॅनमध्ये हवेची ये-जा इतकी थोडी असते की त्या वाटेनं लिटरमागे चमचाभर पाणी जमायला फार काळ जावा लागेल. प्रत्यक्षात पाणी येतं ते झाकणाच्या झिजलेल्या गॅस्केटमधून झिरपलेल्या पावसाचं, धुऊन न वाळवता वापरलेल्या कॅनचं, ओल्या नरसाळ्याचं, किंवा अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतल्या पत्र्यावर दिवस-रात्रीच्या तापमानफरकानं धरलेल्या दवाचं. इथेनॉलला शिव्या घालण्याआधी झाकण तपासलेलं बरं.

आता ओळखायचं कसं. उघड्यावर, आसपास ज्योत किंवा ठिणगी नाही याची खात्री करून, टाकीच्या अगदी तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बरणीत घ्या. नळी तोंडानं ओढायची नाही, हातपंप वापरा. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. बरणी दहा मिनिटं न हलवता उजेडात ठेवा. ताजं पेट्रोल नितळ दिसतं आणि वास नाकात झणकन जातो. शिळं गडद होत जातं, मधाकडून चहाच्या रंगाकडे, आणि वास आंबूस, जुन्या व्हार्निशसारखा येतो. पाणी असेल तर रंगावरून काही कळणार नाही, पण पेट्रोल धुरकट दिसेल किंवा तळाशी स्पष्ट रेघ उमटून तिच्याखाली निराळा थर दिसेल. बरणी तिरपी केली की तो थर सावकाश एका बाजूला सरकतो. मात्र नमुना टाकीच्या वरून घेतला तर ही रेघ कधीच दिसणार नाही, आणि "पाणी नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

यंत्राचं वागणंही थोडंफार सांगून जातं. शिळ्या पेट्रोलवर इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून ठेवला तरच चालतं, वेग कमी-जास्त होत राहतो, भार पडला की खडखडतं. दर आठवड्याला थोडं जास्त, असं ते वाढत जातं. पाण्याचा बिघाड अचानक येतो. काल चालत होतं, आज बंद. किंवा सुरू होऊन अर्ध्या मिनिटात मान टाकतं. कॉकवाल्या (टाकीखाली पेट्रोलची तोटी असलेल्या) जुन्या मोटरसायकलींमध्ये एक हमखास खूण आहे: गाडी मेनवर चालते आणि रिझर्व्हला टाकली की बंद पडते. मेनची नळी टाकीत थोडी उंच असते, रिझर्व्ह तळातून ओढतं, आणि पाणी असतं तळालाच.

सगळ्यात पक्का पुरावा कार्बोरेटरच्या वाटीत मिळतो. ती उघडल्यावर भिंतींवर तपकिरी, चकचकीत लेप दिसला, नखानं खरवडला तर चिकट लागला, तर पेट्रोल शिळं झालेलं. पांढरट, भुरभुरीत खडे किंवा बुरशीसारखी पूड दिसली, तर पाणी. जस्त-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला पाण्यानं खाल्ल्याची ती खूण असते. लोखंडी टाकीच्या तळाशी लाल गंज असेल तर उरलासुरला संशयही फिटतो.

उपायांमध्ये लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. बाजारात मिळणारं स्टॅबिलायझर म्हणजे मुख्यतः ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं. ती ताज्या पेट्रोलमध्ये, साठवण्याच्या दिवशीच घालायची. घातल्यावर इंजिन काही मिनिटं चालवायचं, म्हणजे ते पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं. शिळ्या पेट्रोलमध्ये ते ओतणं म्हणजे पैसे ओतणं, तयार झालेला गम त्यानं मोडत नाही. थोडंसंच जुनं झालेलं, रंग न बदललेलं पेट्रोल मोठ्या टाकीतल्या भरपूर ताज्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून संपवता येतं, कारण उडून गेलेल्या हलक्या घटकांची उणीव ताजं पेट्रोल भरून काढतं. गडद झालेलं, आंबूस वासाचं पेट्रोल मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नये.

पाण्यावर हा मिसळण्याचा मार्ग चालत नाही. कॅन जोरात हलवला की थर मिसळल्यासारखे वाटतात, थोड्या वेळानं पुन्हा वेगळे होतात. पाणी शोषून घेणारी म्हणून विकली जाणारी द्रावणं बहुधा अल्कोहोलच असतात. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमधल्या चार-दोन थेंबांपुरती ती ठीक. फुटलेल्या इथेनॉल-पेट्रोलवर त्यांच्या भरवशावर राहू नये. तिथे टाकी पूर्ण रिकामी करणं, वाळवणं आणि ताजं भरणं एवढंच उरतं.

साठवताना मात्र दोन्ही बिघाडांची काळजी एकच आहे: घट्ट झाकण, गार सावलीची जागा आणि आत हवा कमी. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. पेट्रोल दर 10 अंशांना जवळजवळ 1 टक्का प्रसरण पावतं. 20 लिटरचा कॅन 10 अंशांना काठोकाठ भरला आणि दुपारी 40 अंशांवर गेला, तर अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोलला जागाच उरत नाही. वर 5 ते 10 टक्के मोकळी जागा ठेवा. कॅन इंधनासाठीच बनवलेला असावा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नये: तिचं झाकण वाफ धरत नाही आणि कुणीतरी ती पाणी समजून तोंडाला लावू शकतं. भरताना कॅन जमिनीवर ठेवा, गाडीत ठेवून भरू नका, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. पेट्रोल उणे 40 अंशांच्या खालीही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत लांबवर पसरते. म्हणून राहत्या घरात किंवा गीझर-शेगडीच्या आसपास ते ठेवायचंच नाही. कॅनवर भरल्याची तारीख आणि इथेनॉलचं प्रमाण लिहून ठेवलं तर वर्षाअखेरीस अंदाज बांधत बसावं लागत नाही.

दोन्ही बिघाड एकदमच सापडले, आणि लांब उभ्या यंत्रात तसं होतं, तर आधी पाणी. टाकी आणि वाटी रिकामी करून वाळवा, मग जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) काढून कार्बोरेटर क्लीनरनं साफ करा. जेटमध्ये तार घालू नका. ते भोक ठरावीक मापाचं असतं, किंचित मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिऊ लागतं. काढलेलं पेट्रोल आणि तळाचा थर, दोन्ही झाकणाच्या कॅनमध्ये भरून घातक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्या. पाणी मिसळलंय म्हणून तो थर निरुपद्रवी होत नाही: त्यात इथेनॉल भरपूर असतं, आणि तो पेटतो.