जुने ऑईल, प्लेटिंगचा गाळ आणि जळकी वाळू : कारखान्याच्या फाटकाबाहेरची जबाबदारी

बेळगाव परिसरातील उद्यमबाग, मच्छे, नावगे, काकती आणि होनगा येथील फौंड्री, मशीन शॉप व प्लेटिंग (धातूवर मुलामा देणे) व्यावसायिक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रदूषणविषयक परवानग्यांच्या कागदपत्रांत उद्योजकांना मदत करणाऱ्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो : प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती कधी मिळेल? हा प्रश्न रास्त आहे, कारण संमतीपत्राशिवाय बँक पुढे सरकत नाही आणि मोठ्या कंपन्या कास्टिंगची ऑर्डर देत नाहीत. परंतु संमतीपत्र हातात पडल्यानंतर मागच्या शेडमध्ये साचलेली बॅरल कोणी न्यायची, कोणत्या कागदावर न्यायची आणि ती पुढे कोठे रिकामी होतात, हे विचारणारे ग्राहक थोडे असतात. मंडळाच्या कामाचा मोठा भाग नेमका याच प्रश्नांशी निगडित आहे आणि आपल्या भागातील लहान उद्योजक अडचणीत येतात तेही बहुधा येथेच. म्हणून हे माहितीपत्रक संमतीच्या अर्जापेक्षा कचऱ्याच्या प्रवासाविषयी अधिक लिहिले आहे.

कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना २१ सप्टेंबर १९७४ रोजी, त्याच वर्षी संमत झालेल्या जल प्रदूषण कायद्याखाली झाली. पुढे १९८१ चा वायू प्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आल्यावर मंडळाचे काम वाढत गेले. मुख्य कचेरी बेंगळूरूला असली तरी आपला रोजचा संबंध प्रादेशिक कार्यालयाशी येतो. जागेची पाहणी, नमुने घेणे, तक्रारींची चौकशी, संमतीतील अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणे आणि वार्षिक विवरणपत्रे स्वीकारणे ही कामे तेथून चालतात. उद्योग उभारण्यापूर्वी एक संमती आणि प्रत्यक्ष चालवण्यासाठी दुसरी संमती, अशा दोन वेगळ्या परवानग्या लागतात. यंत्रे बसवून उत्पादन सुरू केल्यावर पहिली संमती मागायला आलेल्या ग्राहकाला आम्ही फारशी मदत करू शकत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते.

उद्योगांची तांबडा, नारिंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये प्रदूषण निर्देशांकाच्या आधारे नव्याने ठरवली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा तपासून त्यात निळा हा आणखी एक वर्ग घातला. आपल्या संमतीपत्रावर कोणता रंग लिहिला आहे, तो एकदा नीट पाहून ठेवावा. शुल्क, तपासणीची वारंवारता आणि दंडाची आकारणी या सर्व गोष्टी त्या रंगावर अवलंबून असतात.

बॅरल फाटकाबाहेर पडते तेव्हा

हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह आणि सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या मशीन शॉपमधून निघणारे जुने हायड्रॉलिक ऑईल, तेलकट कापूस व बुरा, प्लेटिंगच्या सांडपाण्यातून खाली बसणारा गाळ आणि रसायनांची रिकामी बॅरल हे सर्व २०१६ च्या धोकादायक व इतर कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत मोडते. जुने ऑईल ५.१, सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ ३५.३ आणि दूषित बॅरल ३३.१ असे त्यांचे क्रमांक आहेत. मंडळाच्या अधिकृततेच्या, म्हणजे धोकादायक कचरा हाताळण्याच्या परवानगीच्या, पत्रात प्रत्येक क्रमांकापुढे वर्षाला किती कचरा निघेल याचा आकडा असतो. हा आकडा अर्ज करताना अंदाजाने भरला जातो आणि नंतर कोणी त्याकडे पाहत नाही. तपासणीच्या वेळी मात्र अधिकारी नोंदवहीतला आकडा आणि पत्रातला आकडा शेजारी ठेवून वाचतात. शंभर लिटर ऑईल दाखवणाऱ्या कारखान्यात दहा यंत्रे दिसली, तर उरलेले ऑईल गेले कोठे, हा प्रश्न त्यांनी विचारणे स्वाभाविक आहे.

कचरा जागेवर ९० दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, परंतु ती आपोआप वाढत नाही, त्यासाठी मागणी करावी लागते.

कचरा बाहेर पाठवताना सात प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीचे नोंदपत्र, भरावे लागते. प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा असतो आणि त्या रंगांत मंडळाची सगळी देखरेख सामावलेली आहे. पांढरी प्रत आपण मंडळाला पाठवायची. पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. उरलेल्या पाच प्रती गाडीबरोबर जातात. त्यांपैकी गुलाबी कचरा स्वीकारणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी स्वीकारणाऱ्याकडून मंडळाकडे जाते आणि निळी प्रत आपल्याकडे परत येते. सातवी, करड्या रंगाची प्रत फक्त कचरा दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तेव्हाच वापरात येते. ती स्वीकारणारा कचरा पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला पाठवतो. पांढरी आणि हिरवी प्रत मंडळाच्या टेबलावर एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर बॅरल वाटेत कोठेतरी गायब झाले आहे, असाच त्याचा अर्थ लावला जातो. निळी प्रत परत येईपर्यंत आपले काम संपलेले नाही, असे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

करड्या प्रतीला देशाच्या इतर भागांत फारसे महत्त्व नसेल, पण बेळगावात ते आहे. निपाणीपुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की कागल लागते, आणि कागल, गोकुळ शिरगाव व शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींशी आपला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. साच्यांसाठीचे पॅटर्न तिकडून येतात, कास्टिंग तिकडे जाते, मुलीबाळींची लग्नेही तिकडे होतात. त्यामुळे कोल्हापूरचा एखादा ओळखीचा भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, रोख पैसे देतो आणि जुन्या ऑईलची सहा बॅरल घेऊन जातो, तेव्हा आपण काही चुकीचे करत आहोत असे कोणाच्या मनातही येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या टेम्पोने राज्याची हद्द ओलांडलेली असते. पुनर्वापरासाठी कचरा दुसऱ्या राज्यात जात असेल, तर तो हवाली करण्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या मंडळांना कळवावे लागते. अंतिम विल्हेवाटीसाठी जात असेल, तर दोन्ही मंडळांचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. जुने ऑईल घेणाऱ्याकडे स्वतःच्या राज्याच्या मंडळाची पुनर्प्रक्रियेची अधिकृतता असली पाहिजे, आणि त्या अधिकृततेची प्रत आपण आधी मागून घेतली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका ग्राहकाने अशीच बॅरल एका ओळखीच्या माणसाला दिली. त्यांतील दोन पावसाळ्यात एका ओढ्याच्या काठी सापडली. बॅरलवर कारखान्याचे नाव रंगवलेले असल्यामुळे नोटीस सरळ त्या ग्राहकाच्याच पत्त्यावर आली. माल नेणाऱ्याने फोन उचलला नाही. ग्राहकाकडे ना पिवळी प्रत होती, ना पावती. नियमांनुसार कचऱ्यामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावरही राहते, आणि आपण तो फाटकाबाहेर दिला होता हे सांगून ती टळत नाही. त्या प्रकरणातून बाहेर पडायला ग्राहकाला बराच काळ आणि बराच पैसा लागला. आम्हालाही त्यातून शिकायला मिळाले : तेव्हापासून अधिकृततेच्या प्रती तपासल्याशिवाय कोणत्याही वाहतूकदाराचे नाव आम्ही सुचवत नाही.

ज्याचा पुनर्वापर होत नाही असा गाळ कर्नाटकात बेंगळूरूजवळ दाबसपेट येथील सुरक्षित भूभरण केंद्राकडे (कचरा जमिनीत सुरक्षितपणे पुरण्याच्या जागेकडे) जातो, किंवा त्यात उष्मांक असेल तर सिमेंट कारखान्याच्या भट्टीत वापरला जातो. अंतर मोठे असल्यामुळे लहान कारखान्याला एकट्याची गाडी परवडत नाही. एकाच वसाहतीतील चार-पाच प्लेटिंगवाल्यांनी एकाच दिवशी गाडी बोलावली तर खर्च विभागता येतो; मॅनिफेस्ट मात्र प्रत्येकाचे वेगळेच भरावे लागते.

शेड, पाऊस आणि शेजारचे शिवार

बेळगावचा पाऊस लक्षात घेतल्याशिवाय साठवणुकीचे नियम समजत नाहीत. पक्की फरशी, वर छप्पर, भोवती सांडलेले तेल अडवणारा कठडा आणि बॅरलवर पिवळे लेबल एवढ्या गोष्टी सर्वत्र सारख्याच लागतात. परंतु आपल्याकडे आषाढात वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो, आणि तीन बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये तो थेट बॅरलपर्यंत पोहोचतो. कठड्याच्या आत साचलेले तेलकट पाणी कामगार सकाळी बादलीने गटारात टाकतात, कारण ते काय आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. लेबलवर धोकादायक कचरा ही सूचना हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये असली पाहिजे. मच्छे किंवा पिरनवाडीहून कामाला येणारी आपली बरीच माणसे मराठी वाचतात, म्हणून त्याखाली मराठीतूनही लिहावे, असा आमचा आग्रह आहे. त्याला नियमाची आडकाठी नाही.

शहापूर, वडगाव आणि येळ्ळूरच्या शिवारात बासमतीचे पीक घेणारे शेतकरी बळ्ळारी नाल्याचे पाणी शेतात शिरल्याची तक्रार वर्षानुवर्षे करत आले आहेत. त्या पाण्यात शहराचे सांडपाणी असते, आणि वसाहतींतून गटारात गेलेला प्रत्येक थेंबही अखेर कोणत्या ना कोणत्या नाल्यालाच मिळतो. कारखान्याचे कुंपण आणि शेताचा बांध जेथे एकमेकांना लागून आहेत, तेथे ही गोष्ट आम्ही फार गंभीरपणे मांडतो. शेजारी शेतकऱ्याच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला तर तक्रार मंडळाकडे जाईलच, पण त्याआधी एका घराचे पिण्याचे पाणी गेलेले असेल.

फौंड्रीच्या जळक्या वाळूबद्दल वेगळे सांगावे लागते. बेंटोनाइट (एक प्रकारची माती) आणि कोळशाची भुकटी घालून केलेली साधी मोल्डिंग सँड, म्हणजे साच्याची वाळू, आणि रेझिन घालून केलेली कोअरची (कास्टिंगमधील पोकळीच्या गाभ्याची) वाळू यांत फरक आहे. रेझिनच्या वाळूत फिनॉलसारखी द्रव्ये राहू शकतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर ती झिरपतात. दोन्ही वाळू एकाच ढिगात टाकल्यास चांगली वाळूही वीटभट्टीला किंवा पेव्हिंग ब्लॉक बनवणाऱ्याला देता येत नाही. ढीग वेगळे ठेवावेत, एकदा प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यावी आणि खड्डा भरायला कोणी वाळू मागितली तरी संमतीपत्रातील अट वाचल्याशिवाय ट्रॉली देऊ नये.

नमुना, मर्यादा आणि नदी

नाला किंवा नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी पीएच (आम्लता) ५.५ ते ९, बीओडी (पाण्यातील घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (ती घाण रसायनाने विघटित करण्यास लागणारा ऑक्सिजन) २५०, तेल व ग्रीस १० आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) ०.१ मिलिग्रॅम अशा सर्वसाधारण मर्यादा आहेत. पाणी पिण्यासाठी शुद्ध करून वापरायच्या नदीत मात्र बीओडी ३ मिलिग्रॅमच्या आत अपेक्षित असते. मार्कंडेय नदी घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. उन्हाळ्यात मार्कंडेयचे पात्र बारीक होते तेव्हा मर्यादेच्या आतले सांडपाणीसुद्धा तिला जड जाते. म्हणूनच बऱ्याच संमतीपत्रांत पाणी बाहेर न सोडता प्रक्रिया करून कारखान्यातच वापरण्याची अट असते, आणि ती आपल्याला अन्यायाची वाटली तरी आमच्या मते योग्य आहे.

धुराच्या बाबतीत, तासाला ३ टनांपेक्षा कमी क्षमतेच्या कुपोलासाठी (लोखंड वितळवण्याच्या कोकच्या भट्टीसाठी) धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ४५० मिलिग्रॅम आहे. ३ टन व त्याहून मोठ्या कुपोलासाठी आणि इंडक्शन फर्नेससाठी (विजेच्या भट्टीसाठी) ती १५० आहे. चिमणीला मोजणीसाठी छिद्र, शिडी आणि उभे राहण्यासाठी फळी नसेल, तर नमुना घेताच येत नाही आणि अहवालात तीच त्रुटी म्हणून नोंदली जाते.

सांडपाण्याचा नमुना घेतला जात असताना मालकाने किंवा जबाबदार माणसाने तेथे हजर राहावे. कायद्याने नमुना आपल्यासमोर दोन भागांत विभागून, सीलबंद करून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हायला हव्यात. दुसरा भाग सरकारी जल प्रयोगशाळेत पाठवावा अशी विनंती आपण करू शकता. अनेक ग्राहक त्या दिवशी मुद्दाम बाहेरगावी जातात. त्यामुळे नमुना चुकत नाही. आपला हक्क तेवढा जातो.

अटींचा भंग झाल्यास मंडळ बंदचा आदेश देऊ शकते आणि हेस्कॉमला (वीज कंपनीला) वीज तोडण्यास सांगू शकते. पर्यावरणीय भरपाईही आकारली जाते. केंद्रीय मंडळाच्या सूत्रानुसार नारिंगी वर्गातील लहान उद्योगाला दहा दिवसांच्या उल्लंघनासाठी ५० (वर्गाचा प्रदूषण निर्देशांक) गुणिले १० (दिवस) गुणिले २५० (रुपये) गुणिले ०.५ (लहान उद्योगाचा गुणक) म्हणजे ६२,५०० रुपये येतात, आणि कोणत्याही परिस्थितीत दिवसाला ५,००० रुपयांपेक्षा कमी आकारणी होत नाही. संमती नाकारल्यास किंवा तिच्यातील अट मान्य नसल्यास आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. मंडळाची पत्रे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये येतात. वाचता आले नाही म्हणून पत्र फाईलला लावून ठेवू नये; त्याच दिवशी त्याचा फोटो आम्हाला पाठवावा, म्हणजे त्यातील मजकूर आम्ही मराठीत समजावून सांगू. त्या सेवेसाठी आम्ही पैसे घेत नाही.

धोकादायक कचऱ्याचे वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे जावे लागते. त्यासाठी येताना संमतीपत्र, अधिकृततेचे पत्र, वर्षभराच्या पिवळ्या व निळ्या प्रती, ऑईल खरेदीची बिले आणि वीजबिल बरोबर आणावे. पत्त्यात जिल्ह्याचे नाव सरकारी नोंदीप्रमाणे बेळगावी असेच लिहावे आणि सर्व्हे क्रमांक उताऱ्याशी जुळतो की नाही ते पाहावे, कारण गेल्या वर्षी परत आलेल्या अर्जांत याच दोन चुका वारंवार आढळल्या.